राजमान्य राजश्री श्रोते यांसी

मुक्काम बडा बाजार, झाशी
आश्विन शुद्ध तृतीया

राजमान्य राजश्री श्रोते यांसी,

कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. येथील क्षेम, आपले क्षेम वरचेवर कळवीत जावे, असा रिवाज आहे. माझं क्षेम मी एकवीस वर्षं गाण्यातून कळवते आहे. तुमचं मात्र क्वचितच कळतं. तुमचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे पत्र पाकिटात न घालता उघडंच पाठवते. ज्यांच्या हाती पडेल त्यांनी ते आपल्यालाच लिहिलंय असं समजावं.

पत्रास कारण की, चार नव्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण परवा पहाटे पुरं झालं. बडा बाजारात दिवसा असलं काम होत नाही. सकाळी दहा-साडेदहाला खाली शटरं वर जातात, मग ई-रिक्षांचे भोंगे, हातगाड्या, भावाची घासाघीस, आणि लग्नसराई असली तर बँडवाले. म्हणून रात्री एकला बसायचं. मागच्या खोलीत भिंतींना रजया टांगल्या, दाराच्या फटीत जुनी लुगडी कोंबली आणि पंखा बंद केला. आश्विन लागला तरी झाशीचा उकाडा काही जात नाही. तबलजी ग्वाल्हेरचे. शंभरेक किलोमीटर गाडीनं येतात, पहाटेच्या गाडीनं परत जातात, तिथे त्यांच्या शिकवण्या असतात. तीन रात्री ते घामानं निथळत वाजवत होते. एकदाही त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, हे तुमच्या कानावर असावं.

चौथ्या गाण्याची शेवटची ओळ संपत आली आणि मुरलीमनोहराच्या देवळात पहाटेची घंटा वाजली. आमच्या या देवळात कृष्णाच्या जोडीला राधाही आहे आणि रुक्मिणीही. घंटेचा स्वर माझ्या षड्जाशी जुळत नव्हता. आणखी एकदा गाता आलं असतं, तबलजींनी हातही सरसावले होते. मी नको म्हटलं. घंटा तशीच ठेवली आहे. तुम्हाला खटकली तर सांगा. खटकली एवढं जरी सांगितलंत, तरी तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत हे मला कळेल.

आता तक्रार. मनात ठेवून तुमच्याशी गोड बोलणं मला जमणार नाही.

मागच्या वर्षीच्या माझ्या ख्यालाच्या खाली आज एक आकडा दिसतो, 412. म्हणजे चारशे बारा वेळा तुम्ही आलात. कोण आलं, कुठून आलं, बसलात की उभ्याउभ्याच गेलात, यातलं त्या आकड्यातून काही कळत नाही. मग मी हिशेब कसा होतो याची चौकशी केली. एका मोठ्या कंपनीचा नियम असा, की तीस सेकंद ऐकलं की एकदा ऐकलं. आणि 2024 पासून ज्या गाण्याला वर्षभरात हजार वेळा ऐकणारे मिळत नाहीत, त्या ध्वनिमुद्रणाचं मानधनच निघत नाही. मानधनाचं पुढे बोलू. मला रात्रभर टोचत राहिले ते तीस सेकंद. मी ज्या लयीत विलंबित एकताल गाते त्यात बारा मात्रांचं एक आवर्तन पंचेचाळीस सेकंदांचं होतं. त्याआधी थोडी आलापी, मग मुखडा. पहिली सम येते तेव्हा मिनिट उलटलेलं असतं. म्हणजे तुमची हजेरी लागते तेव्हा माझी सम अजून यायचीच असते. वहीत तुमचं नाव चढलेलं असतं आणि आपली भेट झालेलीच नसते.

सम म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. पण पत्र उघडं आहे, आपला संबंध ठाऊक नसलेलं कुणी ते वाचत असेल तर त्याच्यासाठी लिहिते. आवर्तनाची पहिली मात्रा म्हणजे सम. गाणारी कितीही हिंडून आली तरी तिला तिथेच परतायचं असतं, आणि ऐकणाऱ्याला ते आधीपासून माहीत असतं. म्हणून तो वाट पाहतो. नवव्या-दहाव्या मात्रेला मुखडा उचलला की त्याची मान हलायला लागते, आणि समेवर त्याची मान, माझा स्वर आणि तबल्याचा धिं एकाच क्षणी पडतात. हा क्षण एकट्यानं करता येत नाही. रजया टांगलेल्या खोलीत मी तीन रात्री समेवर येत होते आणि समोर कुणाची मान नव्हती. तबलजी माझ्याकडे बघून मान हलवत होते. त्यांना वाईट वाटत असावं.

तुम्ही म्हणाल, श्रोता हवा तर खाली उतरा, बाजार भरलेला आहे. खरं आहे. माझा पहिला श्रोता हा बाजारच. आमच्या माडीखाली चुडीवाल्या चाचींचं दुकान आहे. मी सकाळी रियाजाला बसते तेव्हा त्या बांगड्यांचे जोड दोऱ्यात ओवत असतात. त्यांना ताल कुणी शिकवलेला नाही. पण इतक्या वर्षांत त्यांचं बोट समेवर डब्याच्या झाकणावर टकटक करायला लागलं आहे. मी वरून ऐकते. एखाद्या दिवशी मी घाईनं मुखडा घेतला आणि सम निसटती पडली, की झाकण वाजत नाही. मग दुपारी जिन्यात भेटल्यावर त्या विचारतात, "बिन्नू, रात को सोईं नईं का?" एवढीच समीक्षा. मला आजवर मिळालेली सर्वांत चोख समीक्षा तीच.

एकदा मला टायफॉइड झाला, तीन आठवडे आवाज बंद होता. समोरचे कपड्याचे दुकानदार भैया माझ्या भावाला म्हणाले, दीदींचं गाणं थांबल्यापासून दुकान उघडायला रोज उशीर होतोय. मी यमनावरून भूपाकडे वळले की त्यांची पूजा आटपत असे, असं त्या दिवशी कळलं. त्यांनी माझं गाणं कधी मागितलेलं नव्हतं, कधी वाखाणलंही नव्हतं. पण ते थांबलं तेव्हा त्यांना चुकल्यासारखं वाटलं. या दोघांना मी श्रोते म्हणते ते त्यामुळे. 412 या आकड्यातल्या तुम्हाला माझ्यावाचून चुकल्यासारखं वाटेल की नाही, हे मी कशी ओळखू?

आपली ओळख मात्र फार जुनी आहे, हे विसरू नका. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासूनची.

या गावात एके काळी तुम्ही एकटे होतात. तेव्हा तुमचं नाव गंगाधरराव नेवाळकर होतं. झाशीच्या या राजानं नाटकशाळा उभी केली, नट-नटी, गाणारे-वाजवणारे पोसले, स्वतः स्त्रीवेष घेऊन रंगमंचावर उभा राहिला. असा दर्दी श्रोता कुठल्याही कलावंताला हवासा वाटेल. पण कलेचं पोट एकाच माणसाच्या श्वासाला बांधलं की काय होतं तेही याच गावानं पाहिलं. 21 नोव्हेंबर 1853 ला राजा गेला, पुढच्या वर्षी संस्थान खालसा झालं. बडा बाजारातून राणीमहालाकडे जाताना मला लक्ष्मीबाई आठवतातच, सगळ्यांना आठवतात. मला त्यांच्याबरोबर त्या नाटकशाळेतल्या सारंगियाचीही आठवण येते, ज्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. त्या वर्षी त्यानं सारंगी कुणापुढे वाजवली असेल?

मिरजेला तुम्ही जे वागलात ते मी अजून तुम्हाला माफ केलेलं नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरपर्यंत जाऊन, वासुदेवबुवा जोशींकडे हाल सोसून ख्याल शिकून आले आणि तो महाराष्ट्रात रुजवला. त्यांचे शिष्य विष्णू दिगंबर पलुस्कर. एका समारंभाचं बोलावणं दरबारच्या मर्जीतल्या विष्णूला आलं आणि त्याच्या गुरूला आलं नाही, कारण गुरू गवई, गवयाला कशाला बोलवायचं, असं पलुस्करांच्या चरित्रात सांगतात. बुवांचं गाणं तुम्हाला हवं होतं, पंगतीला बुवा नको होते. 1896 साली पलुस्करांनी मिरज सोडली. काठेवाडात जाऊन त्यांनी तिकीट लावून जाहीर गाणं केलं. दरबाराबाहेरच्या साध्या माणसानं पदरचा पैसा मोजून शास्त्रीय गाण्याला बसावं ही त्या काळी नवी रीत होती. त्या रात्री तिकीट काढून बसलेले तुम्ही कोण होतात मला ठाऊक नाही, पण तुमचे पाय धरावेसे वाटतात. 5 मे 1901 ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय उभं राहिलं ते अशाच लोकांच्या बळावर. राजाच्या मर्जीबाहेर राहून गाण्यावर जगता येतं हे पलुस्करांनी करून दाखवलं, आणि तिकीट काढणाऱ्या तुमच्याशिवाय ते त्यांना करता आलं नसतं.

1902 साली कलकत्त्याला तुम्ही पहिल्यांदा डोळ्यांआड झालात. गौहर जान ध्वनिमुद्रणाच्या भोंग्यासमोर तीन मिनिटं गायली आणि शेवटी इंग्रजीत आपलं नाव सांगून थांबली. तबकड्या परदेशात बनायच्या, तिथल्या कारागिरांना कुणाचं गाणं ते कळावं म्हणून हे नाव सांगणं असे. पण मी ती जुनी तबकडी ऐकते तेव्हा मला वाटतं, ती तुम्हालाच नाव सांगते आहे. समोर कुणी नाही, मान हलत नाही, मग निदान मी कोण ते तरी सांगून ठेवावं. परवा चौथं गाणं संपल्यावर माझ्या तोंडावर माझं नाव येऊन थांबलं.

आणि 1933 चा तो अकरा वर्षांचा मुलगा. गदगहून गुरूच्या शोधात घरातून निघालेला, खिशात पैसे नसलेला भीमसेन जोशी. गाडीत गायचा, डब्यातले लोक खाऊ घालायचे, बसू द्यायचे, तो पुढच्या स्टेशनाकडे सरकायचा. असं करत करत तो ग्वाल्हेरला पोचला आणि माधव संगीत विद्यालयात शिकला. दक्षिणेकडून ग्वाल्हेरला येणारी मोठी लाइन आमच्या झाशीवरूनच जाते. स्टेशनाचं नाव आता वीरांगना लक्ष्मीबाई झाशी झालं आहे, गावात सगळे अजून झाशी स्टेशनच म्हणतात. तबलजींना पोचवायला मी फलाटावर जाते तेव्हा समोरून जाणाऱ्या डब्यांच्या खिडक्या बघते. त्या पोराला भाकरी देणारे तुम्ही होतात. तो पुढे कोण होणार हे तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही एका पोराचा आवाज ऐकलात आणि शिदोरी सोडलीत.

हे सगळं तुम्हाला आठवावं म्हणून लिहिलं, कारण पुढची गोष्ट कडू आहे. मागच्या हिवाळ्यात एका समारंभात मला गायला बोलावलं होतं. मानधन ठरलं होतं. आदल्या रात्री फोन आला: बजेट संपलं आहे, पण पाचशे लोक येणार आहेत, तुमचं नाव होईल. मी गेले, कारण तबलजी ग्वाल्हेरहून निघालेले होते. पाचशे माणसं खरंच होती. जेवणवाल्याला पैसे मिळाले, मांडववाल्याला मिळाले, फुलवाल्याला मिळाले. मला शाल आणि नारळ मिळाला. तबलजींचं मी घरून दिलं. त्या पाचशेंतले तुम्ही होतात ना? तुम्हाला यातलं काही ठाऊक नसणार हे मला कळतं. पण एकदा विचारा तरी. गाणं आवडलं तर मंचामागे येऊन विचारा, ताई, तुमचं नीट झालं ना? बोहणीला बांगडी घेताना चाचींना तुम्ही विचारता, भाव परवडला का. तसंच विचारायचं.

आणि हात जोडल्याचं ते पिवळं चित्र पाठवू नका. रागावून म्हणत नाही. तुमच्या मनात चांगलंच असतं. पण त्या चित्रातून तुम्ही काय ऐकलंत ते मला कळत नाही.

आता जे सांगते त्यासाठी तर हे पत्र लिहायला बसले.

आमचं घराणं नेवाळकरांच्या काळापासून झाशीत आहे. ज्या गणेशमंदिरात 1842 साली राणीचं लग्न लागलं, तिथे गणेशोत्सवात आमच्या घरातलं कुणी ना कुणी पेटीला बसतंच. घरात मराठी, दाराबाहेर बुंदेली. नवरात्रात माझी आजी पाटावर हत्ती काढायची आणि आम्ही चार मराठी घरच्या मुली त्याच्याभोवती फेर धरून भोंडला करायचो. पहिल्या दिवशी एक गाणं आणि एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, असं रोज एकानं वाढत जायचं. त्याच दिवसांत पहाटे शेजारच्या बुंदेली घरांतल्या मुली सुअटा खेळायच्या. भिंतीवर मातीचा राक्षस, खाली रंगांचे चौक, आणि त्यांचं गाणं. मी पहाटे तिकडे असायची आणि संध्याकाळी इकडे. आजी म्हणायची, ह्या पोरीला दोन्हीकडची खिरापत हवी. तेही खरंच होतं. दोन्हीकडे कुणी गाणारी आणि कुणी ऐकणारी असं नव्हतंच. फेरात आलीस की गायचं, दमलीस की दुसरीनं उचलायचं. खिरापत ओळखायला मात्र सगळ्यांचं डोकं लागायचं. डबा हलवून आवाज ऐकायचा, वास घ्यायचा, नि सुरू: बर्फी? चिवडा? शंकरपाळे? आमची ऐकण्याची पहिली तालीम त्या डब्यावर झाली असं मी मानते.

मोठेपणी ग्वाल्हेरच्या अंगाचा ख्याल शिकले, पण या दोन फेरांचं बोट सुटलं नाही. कुमार गंधर्व 1948 साली क्षयानं आजारी होऊन देवासला आले. गायला बंदी होती, वर्षानुवर्षं अंथरुणावर पडून ते खिडकीबाहेरून येणारी माळव्यातली गाणी ऐकत राहिले. देशभर ज्याच्या गाण्याला लोक थरारून जायचे तो तेव्हा नुसता श्रोता झाला होता, आणि उठला तेव्हा त्याच्या गळ्यात दुसरंच गाणं आलं होतं. मला त्यांच्या प्रतिभेशी स्वतःला जोडायचं नाही. मला त्यांची ती खिडकी हवी आहे. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी भोंडल्याचा आणि सुअट्याचा फेर एकत्र गुंफून एक नवं गाणं बांधलं. शब्द माझे, चालीचा धागा दोन्हीकडचा. ते तुमच्यापुढे ठेवलं. आकडा दिसला, हात जोडल्याची चित्रं आली, आणि मग सगळं शांत झालं.

दीड महिन्यानं एक निरोप आला. मऊरानीपूरकडच्या एका खेड्यातल्या आजी, नातवाच्या फोनवरून. आधी खूप वेळ नुसता श्वास आणि मागे बकरीचं ओरडणं. मग त्या म्हणाल्या, बिन्नू, गाणं चांगलं आहे, पण तिसरी ओळ चुकली. तू वर गेलीस. ती ओळ खाली येते. आम्ही तेव्हा वाकायचो, चौकात रंग घालायला. वाकल्यावर सूर वर कसा जाईल? असं म्हणून त्यांनी ती चाल स्वतः म्हणून दाखवली. दात नसलेल्या तोंडानं, दोनदा खोकून, अगदी जागच्या जागी उतरणारी.

मी तो निरोप कितीदा ऐकला ते सांगत नाही. मग तानपुरा लावून तिसरी ओळ त्यांच्यासारखी म्हणून पाहिली. जमेना. गळ्यातून खाली येत होते, पण ते खाली येणं नुसतं स्वरांचं होतं. शेवटी उठले, फरशीवर खडूनं चौक काढला आणि वाकून रंग घालत गायले. पोट दुमडलं, श्वास आपोआप लहान झाला आणि सूर स्वतःच उतरला. वीस वर्षांच्या तालमीत मला कुणी सांगितलं नव्हतं की ह्या उतरणीचं मूळ कमरेत आहे. लहानपणी मी वाकतच असेन. मायक्रोफोनसमोर ताठ बसायला शिकले आणि ते विसरले.

परवा पुरं झालेलं चौथं गाणं तेच. नव्यानं गायलेलं. तिसरी ओळ मी मायक्रोफोन जमिनीवर ठेवून, खाली वाकून गायली. तबलजी आधी गोंधळले, मग त्यांनीही ठेका हलका केला. आणि नंतर ती घंटा वाजली. आता कळलं ना, मी पुन्हा का गायले नाही?

त्या आजींना मी अजून पाहिलेलं नाही. पण त्या माझ्या समेवर आल्या. खरं तर मी चुकले त्या जागी त्या थांबल्या होत्या. त्या गाण्याच्या आकड्यातल्या त्या एक. उरलेल्यांनो, तुमच्यापैकी कुणाच्या आजीची ओळ माझ्याकडून चुकली आहे? कुणाच्या कानाला माझा कोमल निषाद चढा लागला? मला तुमच्याकडून दाद नको असं नाही, मी माणूस आहे, दाद ऐकून मला दोन दिवस भूक जास्त लागते. पण दुरुस्ती आली की गाणं पुढे जातं. निरोप पाठवा. खोकत पाठवा, बकरीसकट पाठवा.

आता मानधनाचं. मागच्या वर्षभरात जी काही रक्कम जमली, त्यात तबलजींचं झाशी-ग्वाल्हेरचं भाडंही निघालं नाही. माझं घर चालतं ते शिकवण्यांवर. सोळा मुली, दोन मुलगे, आणि गणपतीत देवळातल्या कीर्तनाची साथ. मी दुःखी नाही. हा रस्ता मी डोळे उघडे ठेवून धरला. मला कुठल्या कंपनीच्या तक्त्यात बसवून घ्यायचं नव्हतं, चार मिनिटांत ख्याल आटपायचा नव्हता. पण या रस्त्यावर पलुस्करांच्या मागे तिकीट काढून बसलेले तुम्ही होतात, भीमसेनच्या डब्यात शिदोरी सोडणारे तुम्ही होतात, म्हणून माझ्याही वाट्याला थोडे याल असं मी धरून चालते. एखादं गाणं तुम्हाला दोन वेळा ऐकावंसं वाटलं, तर त्याचं मोल तुम्हीच ठरवा आणि पोचतं करा. दहा रुपये असले तरी ते कुणी दिले हे मला कळेल, आणि मी त्या नावाला ओळखीन. एक गृहस्थ दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एकवीस रुपये पाठवतात, सोबत फक्त रागाचं नाव लिहितात. गेल्या महिन्यात लिहिलं होतं, केदार. मी आठवडाभर केदार गायले.

विनंती मात्र दुसरीच आहे. या कोजागरीला माझ्या माडीवर बैठक ठेवली आहे. पंचवीस माणसं बसतात, सव्विसावं उंबऱ्यावर. मायक्रोफोन नाही. मुरलीमनोहराच्या देवळापाशी येऊन कुणालाही "गानेवाली दीदी" विचारा, पोर हात धरून आणून सोडेल. जिना अरुंद आणि अंधारा आहे, डाव्या भिंतीला हात लावून चढा, सातवी पायरी उंच आहे. चपला वरच ठेवा, खाली कुत्री नेतात. दूध आटवलेलं असेल. चाचींनी दुकान लवकर बंद करायचं कबूल केलं आहे, पहिल्या रांगेत त्याच बसतील. त्यांचा डबाही सोबत आणायला सांगितला आहे. मऊरानीपूरच्या आजींना नातवाबरोबर निरोप धाडला आहे. त्यांच्या गुडघ्यांवर आहे, बघू.

नऊ वाजता सुरू करीन. ज्यांना यायला जमणार नाही त्यांनी त्याच वेळी, जिथे असाल तिथे, नवं गाणं लावा. मिनिटभर थांबा. समेवर मान हलली तर हलू द्या. मला ती दिसणार नाही, पण मी त्या जागी येणार आहे हे तुम्हाला माहीत असेल.

वडीलधाऱ्यांस नमस्कार, लहानांस अनेक आशीर्वाद. चूकभूल असेल तर ती कळवावी, ती कळवावी म्हणूनच इतकं लिहिलं. लोभ आहे, तो वाढावा ही विनंती.

आपली,
बडा बाजारातली गाणारी

ता. क. कोजागरीच्या बैठकीनंतर फेर धरणार आहोत, मराठी-बुंदेली सगळ्याच बायका. मग खिरापत. डबा झाकलेला असेल, हलवून बघायला मिळेल. वड्या नाहीत, एवढं आत्ताच सांगून ठेवते.